उंबऱ्यावरचा थांबा

लग्नाला चार दिवस उरले होते आणि सहदेवच्या हाती दोनच ओळींची चाल होती.

शब्दांची काळजी नव्हती. शब्द आजोबांच्याही आधीपासून तेच होते आणि ते बदलावेत असे कुणाच्या मनातही येत नसे. बदलायची ती चाल. या घरात सून आली की उंबऱ्यावर तिच्यासाठी नवी चाल म्हटली जाई, एकट्या तिची. ती दोनदाच म्हणायची. एकदा ती घरात पाऊल टाकते तेव्हा आणि एकदा तिला घरातून शेवटचे नेतात तेव्हा. मधली तीस-चाळीस वर्षे कुणीतरी एकाने ती कानात जपायची. त्याला चाल धरणारा म्हणत. नवऱ्याने मात्र आपल्या बायकोची चाल धरायची नाही. त्या दिवशी त्याचा गळा चालत नाही, असे बाबा सांगत.

आली गो आली, दारात आली,
खाडी वलांडून दारात आली,
कोणाची लेक ती, कोणाची झाली,
दिवो घेवन घरात आली.

नेताना शेवटची ओळ तेवढी बदलायची : दिवो ठेवन घरासून गेली.

आईची चाल सहदेवने धरली होती आणि चौऱ्याण्णव साली आईला नेताना ती म्हटली होती. एकही सूर हलला नाही, असे लोक म्हणाले. त्याला स्वतःला तशी खात्री कधीच वाटली नाही. पण धरणे वेगळे आणि करणे वेगळे. त्याची बायको सत्यवती हिची चाल बाबांनी केली होती, धाकट्या भावाच्या, म्हणजे भाईच्या लक्ष्मीचीही त्यांनीच. बाबा गेल्यावर घरात सून आली नव्हती. आता सहदेव-सत्यवतीच्या मुलासाठी, निकेतसाठी आचऱ्याची रिया येणार होती आणि चाल करायची पाळी पहिल्यांदाच सहदेववर आली होती. भजनी मंडळासाठी त्याने पन्नासेक गजर बांधले असतील. पोस्टात शिक्के मारता मारता बांधले होते. पण ते गजर चुकले तर पुढल्या सप्ताहात विसरले जात. ही चुकली तर एका बाईच्या जन्माला चिकटून राहणार होती.

सकाळी पेटीवर बसले की पहिल्या दोन ओळी बऱ्या निघत. तिसरीला हात आपोआप बाबांच्या वाटेने जाई. मग तो भाता मिटून ठेवी आणि वाचनालयातून आणलेले पुस्तक उघडी. तेही पुढे सरकत नसे.

रविवारी दुपारी सगळे पडवीत जमले ते मांडवाचे ठरवायला. सत्यवती आणि लक्ष्मी आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. दोघींचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. शिमग्यात सत्यवती तेरा दिवस गोव्याच्या इस्पितळात छातीच्या दुखण्याने पडली होती. जड काम करायचे नाही असे डॉक्टरने बजावले होते, आणि रातांबे हे काही जड काम नव्हे असे तिने ठरवून टाकले होते. सहदेवची बहीण विमला नांदगावहून सकाळच्या एसटीने आली होती. भिंतीला टेकून ती पायांना तेल चोळत होती.

मांडवाचे बोलणे झाले, आचाऱ्याचे झाले. मग भाईने पाय लांब केले आणि विषय काढला.

"दादा, चाल झाली?"

"होतली," सहदेव म्हणाला.

"म्हयनोभर तू 'होतली' म्हणतंस."

"अरे, पोटातला पोर ता," विमला म्हणाली. "घाई केली म्हणान भायर येता काय?"

"पोराक नव म्हयने लागतत, विमलाक्का. लगीन ठरान वरीस झाला."

भाई हसत होता, पण त्याच्या हसण्यात जुने काहीतरी होते. बाबांच्या मागे भाईने होडी धरली, सहदेवने पेटी. होडीचा ट्रॉलर झाला. पेटीची पेटीच राहिली. हे भाई कधी बोलून दाखवत नसे. सहदेवला मात्र ते त्याच्या प्रत्येक वाक्यात ऐकू येई.

"मी काय म्हणतंय," भाई म्हणाला, "सर्वेशान एक केल्यान हा. आयकून तर बग. आवडला तर आवडला."

म्हणजे बापलेकांचे आधीच ठरले होते. सर्वेश मघाशी रिक्षातून उतरला तेव्हा त्याच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर सहदेवने पाहिला होता. मालवणच्या बाजारात सर्वेशचे लग्नाच्या शूटिंगचे आणि सीड्यांचे दुकान होते. लग्नाचे फोटो दाखवायचे असतील, असे सहदेवला वाटले होते.

सर्वेशने टेबलावरची मुंडावळ्यांची पिशवी बाजूला केली आणि कॉम्प्युटर मांडला. पडद्यावर रंगीत पट्ट्या दिसू लागल्या, एकीखाली एक, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांसारख्या.

"लाईट चार वाजता जातली," लक्ष्मी म्हणाली. "काय लावचा ता लाव."

सर्वेशने लावले. आधी लाटांचा आवाज आला, मग सनई, मग तबला. त्यावर सर्वेशचाच आवाज होता, पण धुऊन इस्त्री केल्यासारखा. आली गो आली, दारात आली. मागे आणखी चार-पाच बायका तेच म्हणत होत्या. त्या कोण आणि कुठल्या, कळायला मार्ग नव्हता.

चाल वाईट नव्हती. सहदेवला तेच सोसेना. वाईट असती तर त्याला बरे वाटले असते, आणि बरे वाटल्याची मग लाज वाटली असती. त्यातही निभावले असते.

"सिनेमातला वाटता," लक्ष्मी म्हणाली. लेकाचे कौतुक तिच्या तोंडावर मावत नव्हते.

"किती वेळ लागलो रे?" भाईने विचारले. त्याला उत्तर ठाऊक होते.

"पाऊण तास. त्यातलो अर्धो लाटांका लागलो."

"पाऊण तासात माझे बांगडे साफ होनत नाय," विमला म्हणाली.

दाराच्या चौकटीला टेकून निकेत बापाकडे पाहत होता.

"ही सनई कोणी वाजवल्यान?" सहदेवने विचारले.

"कोणी म्हणजे... ती आतच आसता, काका. तयार तुकडे आसतत. हजारभर आसतले. शोधूचे आणि जोडूचे."

"आणि चाल?"

"ती पण तुकड्यातसूनच येता. मी वरखाली केलंय थोडी."

"म्हणजे हा सगळा दुसऱ्या कोणाकडे असला, तर तेका हीच चाल गावतली?"

सर्वेशने माउसवरचा हात काढला. "गावतली," तो म्हणाला. "पण तो अशीच जोडतलो असा नाय मां."

"मगे ही तू केलंस काय निवडलंस?"

सहदेवने हे भांडणाच्या सुरात विचारले नव्हते. त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. पण सर्वेशला ते लागले.

"काका, तुम्ही भूप घेतास. भूप तुम्ही केलो? सूर सातच आसत. पेटीतले पण कोणीतरी आधीच लावून ठेवलेले आसतत. तुम्ही पण निवडतासच. तुमका वेळ लागता, माका लागना नाय, इतकोच फरक."

"सर्वेश," निकेत म्हणाला.

"रवांदे. बरोबर बोलता तो," सहदेव म्हणाला.

हा प्रश्न त्याने स्वतःला चाळीस वर्षे विचारला होता आणि उत्तर कधी सापडले नव्हते. ज्या गजराने कणकवलीच्या बारीत, भजनाच्या सामन्यात मंडळाला ढाल मिळाली, तो त्याने मासळी बाजारात ऐकलेल्या एका बाईच्या हाकेवरून उचलला होता. दुसरा एक लाँचच्या इंजिनावरून. आपण काही केले आहे असे त्याला कधी वाटलेच नव्हते. कुठेतरी पडलेले उचलले, पुसले, एवढेच. मग या पोराने यंत्रातून उचलले तर त्याला नावे ठेवणारा आपण कोण? फरक होता, असे आतून वाटत होते. पण वाटणे पडवीत सगळ्यांपुढे मांडता येत नाही.

"मगे हीच लावया," तो म्हणाला.

भाईने विडी पेटवली. एवढ्या लवकर जिंकू असे त्याला वाटले नसावे. तो जरा ओशाळल्यासारखा दिसला. सत्यवतीने रातांब्यावरून नजर उचलून नवऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

"रियान काल फोनवर इचारल्यान," निकेत हळूच म्हणाला, "तिची चाल कोण धरतलो म्हणान."

"धरूची गरजच नाय आता," सर्वेश म्हणाला. त्याचा राग गेला होता आणि तो उत्साहात आला होता. "सीडी रवतली. तीच तर माझी दुसरी भेट आसा. काकी, बग. तुझी, आवशीची, दोघींच्या चाली मी घातलंय हेच्यात. काकी इस्पितळात होती तेवा माका भय वाटला. माझ्याकडची चाल माझ्याबरोबरच गेली तर? म्हणान एका सकाळी दुकान बंद करून म्हटलंय आणि भरून ठेवलंय. मागसून साफ केलंय, वाजप घातलंय."

"दोनदाच म्हणूची ती, मेल्या," विमला म्हणाली.

"ह्या म्हणणा नाय गो आत्ये. ह्या साठवणा."

सत्यवतीची चाल, आईच्या चालीसारखीच, सर्वेशकडे होती. तो आठ वर्षांचा असताना बाबांनी त्याला ओटीवर बसवून ती कानात घातली होती, आणि दोन वर्षांनी बाबा गेले. घरात त्याच्याइतका कान कुणाचा नव्हता. सहदेवला ती चाल येत होतीच, सुरानिशी येत होती. पण त्याने ती म्हणायची नव्हती.

सर्वेशने लावली. चाळीस वर्षांनी ती चाल या घरात मोठ्याने वाजली. सत्यवतीचे हात टोपलीवर थांबले. तांबडा रस तिच्या कोपराकडे ओघळला तरी तिने पुसला नाही. सनईसह, तबल्यासह चार ओळी झाल्या आणि पुन्हा लाटा ऐकू आल्या.

"ही माझी नाय," ती म्हणाली.

"तुझीच गो काकी. एक सूर बदललंय नाय."

"सूर तेच आसत. माझो थांबो खंय गेलो?"

सर्वेशने पडद्याकडे पाहिले, जणू थांबा तिथे कुठेतरी पडलेला असेल.

"तिसऱ्या ओळीत?" तो म्हणाला. "काकी, थय ताल तुटत होतो. मोकळी जागा रवत होती. ह्यां मशीन सगळा चौकटीत बसवता, तेवा ती आपसूक भरली. आयकूक बरी लागता आता."

"बरी लागता," सत्यवती म्हणाली. "माझी नाय इतक्याच."

सहदेवला तो थांबा आठवत होता. सहासष्ट सालचा वैशाख. खाडीपलीकडून होडीतून आणलेली सतरा वर्षांची मुलगी. तिचा बाप अंगणाच्या दगडी गडग्याशी थांबला होता, कारण मुलीच्या बापाने त्या दिवशी आत यायचे नसते. बाबा उंबऱ्याच्या आत बसून म्हणत होते. कोणाची लेक ती, इथपर्यंत आले आणि मुलीने पाऊल टाकायच्या ऐवजी मान वळवून मागे बघितले. बाबा थांबले. झांजा थांबल्या. लोकांना वाटले म्हातारा शब्द विसरला. मुलगी बघत राहिली आणि बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग तिने मान फिरवली, पाऊल उचलले, आणि तेव्हा कुठे बाबांनी कोणाची झाली ही जागा घेतली. पेटीवर बांधली तेव्हा चालीत तो थांबा नव्हता. संध्याकाळी बाबा म्हणाले होते, आता तो चालीचाच झाला, काढायचा नाही.

हे त्याला सांगायचे होते. पण सांगितले भाईने.

"थांबली होती वयनी," भाई विडीच्या धुरातून म्हणाला. "मी बारा वर्साचो. हातात नारळ घेवन माझो हात मोडान इलो. मी बाबांका म्हटलंय, म्हणा मां फुडे. तर बाबांनी डोळे काढल्यानी माझ्यावर." त्याने विडी विझवली. "तो थांबो तेंच्यात व्हयोच रे, सर्वेश. तो काढलंस तर काय रवला?"

"मी काढलंय नाय, बाबा. तो आपसूक..." सर्वेशने वाक्य सोडले. "पयला भरलेला आसा माझ्याकडे. साफ करूच्या आधीचा. दाखवतंय."

त्याने शोधायला घेतले आणि चार वाजले. पंखा मंदावला, पडदा मिटला. शेजारच्या घरातला टीव्ही वाक्याच्या मध्येच बंद झाला, आणि मागच्या माडांतला वारा एकदम ऐकू येऊ लागला. सहा वाजेपर्यंत आता वीज येणार नव्हती.

"तोंडान म्हण," सत्यवती म्हणाली.

"आता?"

"तुझ्याकडेच दिलेली आसा मां? म्हण."

सर्वेशने मांडी घातली. डोळे मिटले. पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. त्याचा आवाज इस्त्रीशिवाय फार गोड होता आणि त्यात बाबांची थोडी खरखर होती. कोणाची लेक ती, तो म्हणाला आणि सरळ कोणाची झाली मध्ये शिरला.

त्याने डोळे उघडले. "परत म्हणतंय."

पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदा तो थांबायचे ठरवून थांबला, पण ते नुसते थबकणे होते. ठेच लागल्यासारखे. मनातला तबला त्याला ढकलत होता, हे सहदेवला समोर दिसत होते. दोन महिने त्याने ती साफ केलेली चाल दुकानात इतक्या वेळा वाजवली होती की मूळची तिच्याखाली बुजून गेली होती.

"माझ्या कानातसून गेलो तो," सर्वेश म्हणाला. त्याचा चेहरा आठ वर्षांच्या पोरासारखा झाला होता. "काका, तुम्ही दाखवा."

सहदेवने मान हलवली. येत असूनही देता येत नव्हते. त्याचा हात पेटीच्या पेटाऱ्यावर होता. तो त्याने मांडीवर आणून ठेवला.

"दुकानात कोण चाल मागूकच येना नाय आता," सर्वेश कुणाकडेच न बघता म्हणाला. "अमक्याच्या लग्नात होती ती लाव, म्हणतत. मी लावतंय. गेल्या उन्हाळ्यात सात लग्नांका एकच लावलंय. कोणाक कळला नाय. माका वाटला कोणीतरी इचारतला. कोणी इचारलाच नाय." त्याने बोटे मोडली. "पेटीवर बसान वरीस झाला माका. बसाक भय वाटता."

भाईने लेकाकडे पाहिले. बहुधा हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. सहदेवला मात्र पेटीचे भय ओळखीचे होते. फक्त तो रोज त्या भयासकट बसत आला होता. एवढाच काय तो फरक असेल कदाचित, त्याच्या मनात आले. पण तेही त्याने बोलून दाखवले नाही.

"बाबा," निकेत दारातून म्हणाला, "तुमच्याकडे दोन ओळी आसत मां?"

"दोनच आसत रे. तिसरी बाबांच्या वाटेन जाता."

"मगे दोनच म्हणा. तिसरी ती उंबऱ्यार इल्यार बगूया. ती काय करता ता बगून म्हणा. आजोबांनी पण तसाच केल्यानी मां?"

"आणि चुकलंय तर?"

"चुकलास तर ती चूक तिची," विमला म्हणाली. "आमच्या सासरी सून येता ती मुक्यानच येता. माका चुकलेली असती तरी चालली असती रे दादा."

सहदेव बहिणीकडे पाहत राहिला. लेकींना या घरात चाल नसते, हे त्याला साठ वर्षांत कधी टोचले नव्हते.

"ती सीडी वरातीत लाव," भाई लेकाला म्हणाला. "माका नाचूक व्हयी."

सर्वेश हसला नाही. तो उठून रातांब्यांच्या टोपलीपाशी गेला आणि सत्यवतीसमोर खाली बसला.

"काकी, तूच सांग."

"मी?" सत्यवतीने पदराच्या टोकाने कपाळ पुसले. "माझी मी कशी म्हणतलंय? एकदाच आयकलंय ती. तेवा पण अर्धी रडण्यात गेली."

"तरी तुका थांबो म्हायत आसा."

लक्ष्मीने टोपली बाजूला ओढून घेतली. मग सत्यवतीने, आपल्याच चालीचा एक सूरही कधी न घेतलेल्या बाईने, हलक्या आणि जरा फाटलेल्या आवाजात सुरुवात केली. सूर तितकेसे बरोबर नव्हते. सहदेवने ते मनातल्या मनातही दुरुस्त केले नाहीत. कोणाची लेक ती, एवढे म्हणून ती थांबली.

"किती मात्रा?" सर्वेशने कुजबुजत विचारले.

"मोजू नको. माझ्या मानेकडे बग. मी मागे बगतंय. बगून झाला काय मगे म्हण."

"आणि... त्या दिवशी?" सर्वेशने खाली बघत विचारले. "तेवा कसा कळतला?"

सत्यवतीने लाल हात मांडीवर उपडे ठेवले.

"त्या दिवशी पण मी बगतलंय," ती म्हणाली. "तुमका दिसाचा नाय. पण तवसर थांब."

सर्वेशने मान डोलवली. त्याने पहिल्यापासून घेतली. आली गो आली. खाडी वलांडून. कोणाची लेक ती, तो म्हणाला आणि थांबला, आणि त्याची बोटे या वेळी मांडीवर ताल धरत नव्हती. सत्यवतीने मान वळवली. अंगणापलीकडे गडग्याशी, जिथे चाळीस वर्षांपूर्वी एक माणूस आत न येता उभा होता, तिथे ती बघू लागली. पडवीत कुणी हलले नाही. चाल सुरू होऊ नये असे सहदेवला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होते.

सर्वेश तिच्याकडे बघत थांबून राहिला.